सात वाजून पाच मिनिटांनी वृंदावनी सारंग

"आई, ओ आई! तुमचं नाव आलंय!"

सून हेतल मोबाइल उंच धरून पळत आली तेव्हा वृंदाकाकी बांगड्यांना मीठ लावत बसली होती. नाव आलंय म्हटल्यावर काकी आधी घाबरलीच. मिरकरवाड्यात माणसाचं नाव छापून येतं ते एकतर नगरपालिकेच्या नोटिशीत, नाहीतर श्रद्धांजलीच्या फलकावर.

"कुठं आलं गो?"

"रेडिओवाल्यांच्या ग्रुपवर! ह्ये बघा. 'सागरवेळ रेडिओ. आजची गुरुवार संध्या, शास्त्रीय संगीत आणि भाषणे. सात वाजता निवेदन. सात-पाचला वृंदावनी सारंग.' आडनावासकट लिवलंय, पुरं!"

काकीने मिठाचे हात तसेच जोडले आणि कपाळाला लावले. "लागलं गो बाय एकदाचं," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. मिठाने की आनंदाने, ते बघायला तिला वेळ नव्हता.

गेल्या मे महिन्यात सागरवेळवाल्यांनी तिला वर गावात नेऊन एका गार खोलीत बसवलं होतं आणि 'सुकी मासळी : खारवण आणि साठवण' या विषयावर बारा मिनिटं बोलतं केलं होतं. तेव्हा घरी येऊन काकीने अख्ख्या वाडीला सांगितलं, येत्या गुरुवारी लागणार. येत्या गुरुवारी लागली ती पावसाळी शेतीची माहिती. मग वादळाचे इशारे आले, मग गणपतीच्या आरत्या, मग दिवाळीचा फराळ. पहिले तीन गुरुवार वाडी कान लावून बसली. चौथ्या गुरुवारी एकटा नवरा, शिवा, बसला. पाचव्या गुरुवारी शिवालासुद्धा नेमकं सात वाजता कुठेतरी जायचं निघालं. असे आठ महिने गेले.

हेही चाललं असतं हो. पण मासळीबाजारात काकीच्या शेजारच्याच ओट्यावर तुळसा बसायची. एक तुळस आणि एक वृंदावन, पण एकीत दुसरी काही केल्या मावत नव्हती. दोघी खारा बांगडा विकायच्या. काकीचं एखादं गिऱ्हाईक जरा रेंगाळलं की तुळसा पलीकडून हाक द्यायची, "घ्या हो, घ्या! रेडिओवर बोललेल्या बाईचा बांगडा हाय. ऐकलात काय तुमी? नाय? आमीबी नाय!"

गिऱ्हाईक हसायचं. हसण्याचंही काकीला काही नव्हतं. पण हल्ली हल्ली गिऱ्हाईक हसून झाल्यावर बांगडा उलटा करून बघायला लागलं होतं. वीस वर्षं काकीने "वाळू लागलेली नाय, डोळे झाकून न्या" म्हणावं आणि लोकांनी खरोखर डोळे झाकून न्यावं, असा तिचा धंदा. सुक्या मासळीत दुसरं असतं काय? शब्दच असतो. आणि जी बाई रेडिओबद्दल थापा मारते ती बांगड्याबद्दल कशावरून मारत नसेल, असं लोकांना वाटायला लागलं होतं. काकी रात्री कूस बदलत हेच म्हणायची, "अहो, मी खोटी नाय हो." शिवा म्हणायचा, "मला म्हाईत हाय." पण शिवाला माहीत असून बांगडा खपत नव्हता.

म्हणून आज शिवाने मनावर घेतलं. तो जुना तांडेल. गुडघ्यांमुळे होडी सुटली होती, पण हुकूम सोडायची सवय सुटली नव्हती. गणपती मंडळाचे दोन भोंगे त्याने जाळ्यांच्या शेडवर चढवले, आपला होडीवरचा ट्रान्झिस्टर टेबलावर ठेवला आणि त्याच्या तोंडाशी मंडळाचा माइक बांधला. सहा वाजल्यापासून माणसं यायला लागली. काकी नवी साडी नेसून स्वतः तुळसाला बोलवायला गेली.

"सात वाजता ये गो. चाय पन हाय."

"येनार तर!" तुळसा म्हणाली. "आठ महिने झाले, आता बाळंत व्हायलाच पायजे."

इकडे वर गावात, टिळक आळीत, अनिल आठल्ये यांनीही तोच निरोप वाचला आणि त्यांचा चहा कपातच राहिला. आठल्ये बँकेतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून रत्नागिरीतलं शास्त्रीय संगीत त्यांनी एकट्याने सांभाळलं होतं. मागे सागरवेळने कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच भैरवी लावली होती, तेव्हा त्यांनी केंद्राला दोन पानी पत्र लिहिलं होतं आणि उत्तर आलं नाही म्हणून चार पानी.

आता आठल्यांची चूक तरी काय म्हणायची? काकी जन्मली तुळशीच्या लग्नाच्या दिवशी, म्हणून बापाने हौसेने नाव ठेवलं वृंदावनी. लग्न होऊन गेली सारंगांच्या घरात. एवढ्या वर्षांत मिरकरवाड्यात कोणाच्या ध्यानात आलं नाही, की हे दोन तुकडे जोडले की एक राग होतो. तोही दुपारचा. आणि यादी बनवणाऱ्या मृणालीने घाईघाईत 'भाषण' हा शब्द गाळला होता.

आठल्यांनी फोन लावला. फोन उचलला दर्शनने. हा केंद्राचा नवा व्यवस्थापक. माणूस मिरजेचा, म्हणजे गाण्यातला असणारच, असं समजून केंद्र चालवणाऱ्या संस्थेने त्याला निवडलं होतं. त्याआधी तो ट्रॅक्टर विकायचा.

"मी आठल्ये बोलतोय."

दर्शन खुर्चीतून उठून उभा राहिला. पत्रं त्याने वाचली होती. "बोला की सर."

"संध्याकाळी सात-पाचला तुम्ही वृंदावनी सारंग लावताय?"

"यादीत तसंच दिसतंय सर."

"अहो, सारंग! भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना गातात तो. दिवेलागणीला सारंग म्हणजे शेजारतीला भूपाळी म्हटल्यासारखं झालं! काय चाललंय काय?"

"मग काय लावू सर? तुम्हीच सांगा."

इतक्या वर्षांत आठल्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मारवा लावा. अगदी काटेकोर बोलायचं तर मारव्यालाही उशीरच होतोय, पण घेऊ चालवून."

दर्शनने मृणालीला फोन लावून पाहिला. ती कसलंसं रेकॉर्डिंग करायला पूर्णगडला गेली होती आणि तिच्या मोबाइलला रेंज नव्हती. मग त्याने 'वृंदावनी सारंग' असं लिहिलेली फाइल उचलून बाजूला टाकली आणि तिच्या जागी मारवा ठेवला. फाइल अर्धं मिनिट ऐकली असती तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण ट्रॅक्टर चालू करून बघतो तो घेणारा, विकणारा नव्हे. ती सवय त्याच्या अंगात मुरलेली होती.

सात-पाचला शेडमध्ये चाळीस-बेचाळीस माणसं कान टवकारून बसली होती. भोंग्यातून दर्शनचा आवाज आला, "आता ऐकूया, राग मारवा."

"राग? कोनाला राग आला?" मागून कोणीतरी विचारलं.

"गप रे!" शिवा ओरडला. "बातम्यांच्या आधी वाजत नाय? तसं वाजवतायत. आता येल तिचा आवाज."

तंबोरा सुरू झाला. मग एका बुवांनी सावकाश "आऽऽ" केलं आणि बराच वेळ तिथेच थांबले. पुन्हा "आऽऽ" केलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. चहा संपला. काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती.

"ह्यो घसा किती वेळ साफ करनार गो?" तुळसाने विचारलं. "दवाखान्यात ने म्हनावं."

माणसं हसली. काकीने शिवाकडे पाहिलं. त्या नजरेनंतर शिवाने काहीतरी करणं भागच होतं. हेतलने ग्रुपवरून केंद्राचा नंबर काढून दिला.

"हॅलो! वृंदावनी सारंग कुठं हाय?"

"आज बदललंय हो ते," दर्शन म्हणाला. "सारंग दुपारचा असतो म्हणे."

"दुपारी कसं जमंल? दुपारी ती ओट्यावर असते! संध्याकाळीच मोकळी असते!"

दर्शनला यातलं काही कळलं नाही, पण गाण्याच्या लोकांचं त्याला एरवीही फारसं कळत नसे. "बरं, बरं. म्हणजे तुम्हाला सारंगच पाहिजे?"

"तेच्यासाठीच बसलोत सगळे! अख्खी वाडी!"

"कुठून बोलताय?"

"मिरकरवाडा!"

दर्शनने पेन उचललं. "घराणं कोणतं पाहिजे?"

"घरानं? सारंगांचंच! मिरकरवाड्यातलं जुनं घरानं हाय, कोनालाबी इचारा!" असं म्हणून शिवाने फोन आपटला आणि वाडीला हुकूम सोडला, "लावा रे सगळ्यांनी फोन!"

वाडीने लावले. पुढच्या दहा मिनिटांत दर्शनने बेचाळीस फोन घेतले आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, वृंदावनी सारंग लावा. एक म्हातारी तर नुसती रडली. दर्शन भारावून गेला. महिनाभर संस्थेचे लोक त्याला ऐकवत होते, की शास्त्रीय संगीत कोणी ऐकत नाही, ते बंद करा. आणि हे बघा! मासे उतरवून दमलेली माणसं संध्याकाळी एका रागासाठी रडतायत! त्याने भरल्या डोळ्यांनी गाण्यांच्या साठ्यात 'वृंदावनी सारंग' शोधलं आणि जे पहिलं सापडलं ते लावलं. बाजूला टाकलेली फाइल बाजूलाच राहिली.

"मिरकरवाड्यातील रसिक श्रोत्यांच्या प्रचंड आग्रहास्तव," भोंगा गरजला, "सादर करत आहोत, वृंदावनी सारंग!"

शेडमध्ये शिट्ट्या वाजल्या. कोणीतरी बाहेर फटाक्यांची माळ लावली. हेतलने सासूला मिठी मारली. काकी तुळसाकडे बघत नसल्याचं दाखवत तिच्याकडे बघून घेत होती.

आणि भोंग्यातून भरदार पुरुषी आवाजात आलाप सुरू झाला.

शिवाच आधी सावरला. "मशिनीत आवाज असाच जाडा येतो," तो म्हणाला.

"मशिनीत मिशी पन येते काय रे?" तुळसा म्हणाली.

मग काय विचारता! शेड हसून हसून कोलमडायची बाकी राहिली. जे लोक काकीसाठी फोनवर भांडले होते तेही पोट धरून हसत होते. काकी उठली, पदर खोचला आणि कोणाकडे न बघता घरी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "जल्ला मेला तो रेडिओ." शिवाने भोंगे उतरवले, मोबाइल बंद करून विजारीच्या खिशात घातला आणि तिच्या मागोमाग गेला. पावणेआठला शेडमध्ये नुसते कप राहिले.

त्याच वेळी आठल्ये स्कूटरवरून केंद्रात पोचले होते. फोन सतत एंगेज लागत होता, म्हणून ते स्वतः आले होते.

"मी सांगूनसुद्धा सारंग? सांगूनसुद्धा?"

"सर, जनता रडायला लागली ओ!" दर्शन म्हणाला. "बेचाळीस फोन! मिरकरवाडा घराण्याची मागणी होती."

"कोणतं घराणं?" आठल्ये आपली तक्रारच विसरले. आपल्याला माहीत नसलेलं घराणं, आणि तेही आपल्याच गावात!

एवढ्यात मृणालीचा फोन आला आणि दर्शनने तो स्पीकरवर घेतला. ती रेंजमध्ये आली होती आणि येताना बसमध्ये कार्यक्रम ऐकत होती. "सर, काय लावलंत हे? वृंदावनी सारंग म्हणजे बाई आहे! मिरकरवाड्यातली! तिचं भाषण होतं, सुक्या मासळीवर!"

दर्शनने आठल्यांकडे पाहिलं. आठल्यांनी भिंतीकडे पाहिलं. दर्शनने मघाच्या नंबरांपैकी पहिला लावला, तो शिवाचा होता आणि बंद होता. पुढच्या दोघांनी "रेडिओ" हा शब्द ऐकताच फोन ठेवले.

"लावा ते भाषण," आठल्ये खालच्या आवाजात म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. बाईंचा अपमान झाला माझ्यामुळे."

आणि आठ वाजता, वाऱ्याचा अंदाज आणि आंब्यावरच्या तुडतुड्यांची माहिती बाजूला सारून, वृंदावनी सारंग यांचं भाषण लागलं. बाराच्या बारा मिनिटं. आठल्ये हात जोडून शेवटपर्यंत ऐकत बसले. शाकाहारी माणूस, पण मिठाचं प्रमाण त्यांनी टिपून घेतलं.

मिरकरवाड्यात त्या वेळी घराघरांत टीव्ही चालू होते. रेडिओ चालू होता तो एकाच घरात. तुळसाचा मुलगा होडीवर गेलेला, म्हणून ती रोज आठला वाऱ्याचा अंदाज ऐकायची. अंदाजाऐवजी काकीचा आवाज आला तशी ती भाकरी थापता थापता थांबली. आधी तिचं तोंड वाकडं झालं. मग ती ऐकत राहिली. आणि भाषणाच्या शेवटी जे ऐकलं त्याने तिची तव्यावरची भाकरी करपली.

मे महिन्यात त्या गार खोलीत रेकॉर्डिंग करणाऱ्या बाईंनी शेवटी विचारलं होतं, "काकी, खारवण्यात सगळ्यात चांगला हात कोणाचा?" समोर कोणी ओळखीचं नाही, कानावर ते गोल डबे, बाहेरचं काही ऐकू येत नाही. अशा ठिकाणी माणूस खरं बोलून जातो. काकी बोलून गेली होती. घरी येईपर्यंत विसरलीही होती.

शुक्रवारी सकाळी ओट्यांवर गर्दी होती. काकी मान खाली घालून बसली होती. आज टोमणा आला तर उत्तर द्यायचं नाही, असं ठरवून आली होती. आणि तुळसा उभी राहिली.

"ऐका हो सगळ्यांनी! काल रेडिओवर वृंदी बोलली! मी ऐकलंय!"

बाजार हसला. तुळसा नवीन काहीतरी काढतेय, असंच सगळ्यांना वाटलं.

"हसू नका मेल्यांनो! आठ वाजता लागलं! आनि ती म्हनाली, खारवन्यात तुळसेचा हात धरनारं मिरकरवाड्यात कोन नाय! अशी म्हनाली, रेडिओवर!"

आता तर लोकांना हसू आवरेना. "तुळसे, वृंदी तुझी तारीफ करनार? सपनात ऐकलंस काय गो?" "कालचा चाय चढला वाटतं!"

"खोटं नाय गो! आईशप्पत! पायजे तर रेडिओवाल्यांना फोन करा!"

"त्यांना काल बेचाळीस जनांनी केला, बाय. पुरे आता."

तुळसा रडकुंडीला आली. आयुष्यात पहिल्यांदा तिची अख्ख्या मुलखासमोर तारीफ झाली होती आणि ती ऐकणारी ती एकटीच. "वृंदे," ती काकीकडे वळली, "तू सांग ना गो! बोललीस की नाय?"

सगळा बाजार काकीकडे बघायला लागला. काकीला ती गार खोली आता आठवली. हो म्हणावं, तर रेडिओ खरा ठरतो, आठ महिन्यांचा डाग जातो. पण ओट्यासमोर शुक्रवारचं गिऱ्हाईक उभं, आणि त्यांच्यादेखत आपल्याच तोंडाने तुळसेचा बांगडा पहिला ठरतो. नाही म्हणावं, तर तुळसा खोटी पडते, पण मग आपणही खोट्याच. काकीने तुळसाच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्यात पाणी होतं, आणि हे पाणी मिठाचं नव्हतं.

"बोलले," काकी म्हणाली. "अक्षर न् अक्षर बरोबर हाय तिचं."

स्वतःच्या धंद्यावर पाणी सोडून कोणी खोटं बोलत नाही, एवढं तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने हातातला उलटा केलेला बांगडा मुकाट्याने सरळ केला आणि पिशवीत टाकला. पण बाकीची रांग एव्हाना तुळसाच्या टोपलीकडे सरकायला लागली होती. तुळसा पदराने नाक पुसत हसत होती.

"पन," काकीने आवाज चढवला, तशी रांग मध्येच थांबली, "ते मे महिन्यातलं बोलनं झालं. ह्या मोसमातला तिचा बांगडा मी अजून चाखलेला नाय."

तुळसाने टोपलीतला सगळ्यात मोठा बांगडा निवडला आणि काकीच्या पुढ्यात आपटला. "घे! चाख आनि सांग सगळ्यांना, आत्ता, हितं!"

काकीने बांगडा उचलला, वास घेतला, कागदात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला.

"चाखते की," ती म्हणाली. "पन हितं नाय सांगनार. आता जे काय सांगेन ते रेडिओवरच."